ओहोटीला उतरणारी सवत

आमच्या कोळीवाड्यात बायका नवऱ्याला तोंडावर अहो म्हणतात आणि विहिरीवर गेल्या की अरे. मीही आयुष्यभर तेच केलं. आता लिहायला बसले आहे तर अरेच म्हणणार. तो तसाही वाचणाऱ्यातला नव्हता, आणि आता तर ह्या जगातच नाही. मी मात्र मराठी सातवी पास झालेली, आमच्या वाड्यातली पहिली मुलगी. त्यामुळे माझी बाजू कागदावर उतरली तर कोणाची तक्रार नसावी.

माझी बाजू अशी की मला सवत होती. ती बाई नव्हती. ते एक विमान होतं.

हसू नका. कोणाच्या नवऱ्याला ताडीचा नाद असतो, कोणाच्या नवऱ्याची पावलं भलत्याच दारात वळतात. असल्या गोष्टींना आमच्याकडे उपाय असतात. ताडी पिणाऱ्याचं मडकं फोडता येतं, भलत्या बाईच्या झिंज्या धरता येतात. विमानाचं काय धरणार? एकदा मी त्याच्या पंख्याला नुसता हात लावला, तर नवरा लांबून ओरडत आला. मला काही होईल म्हणून नव्हे. माझ्या हाताला मासळीचं तेल होतं म्हणून.

आमचं गाव श्रीवर्धनच्या वरच्या अंगाला. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती आणि जिल्ह्याला कुलाबाच म्हणत. आधी सुपारीच्या वाड्या, मग सुरूची रांग, मग पुळण, म्हणजे वाळूचा किनारा. ओहोटी लागली की ही पुळण इतकी रुंद आणि टणक उघडी पडते की भरल्या गाडीचं चाक रुतत नाही. मुंबईच्या एका गुजराती शेठनं सुरूच्या कडेला बंगला बांधला होता. मुंबईहून मोटारीनं यायचं म्हणजे वाटेत खाड्या, त्या ओलांडायला तरीसाठी ताटकळणं, अख्खा दिवस मोडायचा. शेठकडे विमान होतं, दोन माणसांचं, एका पंख्याचं. लाकडी सांगाड्यावर कापड ताणून त्यावर रोगण चढवलेलं. शेठ ते स्वतः चालवायचा, ओहोटीला पुळणीवर उतरवायचा आणि पाणी चढायच्या आत माणसं लावून सुरूच्या आडोशाला ओढून घ्यायचा.

आता ओहोटी कधी आणि वाळू कुठे घट्ट, हे शेठला कोण सांगणार? त्यानं कोळीवाड्यात चौकशी केली आणि लोकांनी माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं. तोवर तो थोरल्या भावाच्या, म्हणजे माझ्या दिराच्या, होडीवर जायचा. वारा ओळखावा तर त्यानं. पहिल्या दिवशी तो झेंडे घेऊन वाळूवर उभा राहिला, विमान त्याच्या दोन झेंड्यांच्या मधोमध उतरलं, आणि तो संध्याकाळी घरी आला तो तसाच, हातात झेंडा घेऊन. मी जेवायला वाढलं. त्यानं काय खाल्लं ते त्याला सांगता आलं नसतं.

पुढे त्याला विमानाच्या राखणीलाच ठेवलं. होडी सुटली. दीर चिडला, पण दिराच्या चिडण्याची मला सवय होती. माझा जळफळाट सुरू झाला तो आगीवरून.

शेठच्या एका मित्राचं असंच विमान उभ्या उभ्या जळालं होतं. शेठनं ते डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या भीतीनं तो माझ्या नवऱ्याला रोज एकच धडा द्यायचा: ह्या विमानाला वारा मारणार नाही, पाणी मारणार नाही, एक ठिणगी मारील. कापड, रोगण आणि पेट्रोल. तोंडातून हाक फुटायच्या आत राख. माझ्या नवऱ्यानं हे असं मनावर घेतलं की सासूबाई म्हणाल्या, एवढा उपदेश भटजींनी लग्नात केला होता, त्यातला एक शब्द याच्या ध्यानात नाही.

पहिल्यांदा विडी सुटली. मला दम्यासारखा खोकला होता, लग्न झाल्यापासून मी त्याला सांगत होते, माझ्या उशाशी विडी ओढू नका. बाहेर जाऊन ओढायचा, चार दिवसांनी परत आत. पण विमानाच्या जवळ विडी चालत नाही, आणि कानावर ठेवलेली विडी चुकून तोंडात जाते, म्हणून त्यानं ती कायमची सोडली. गावात सगळे मला म्हणाले, नशीबवान आहेस. मी कोणाला काय सांगणार? माझ्या खोकल्यानं जी सुटली नाही ती तिच्यासाठी एका दिवसात सुटली होती. माझ्या छातीला आराम पडला, हेही खरं. आराम पडला म्हणून राग गेला असं मात्र नाही.

मग झाडू. सुरूची सुकलेली पानं काडेपेटीसारखी पेटतात आणि विमानाच्या इंजिनाची नळी तापलेली असते, म्हणून विमान उभं करायच्या जागेवर एक काडी राहता कामा नये. माझा नवरा सकाळी उठून ती जागा झाडायचा. लग्नानंतर मी त्याच्या हातात पहिल्यांदा झाडू पाहिला तो तिथे. आमच्या ओट्यावर मासळीची खवलं पडलेली असायची, त्यावरून तो उडी मारून तिची जागा झाडायला जायचा.

आणि ती पितळी पिचकारी! आग विझवायचं औषध भरलेली, दट्ट्या मागेपुढे केला की धार उडायची. ती विमानात चालवणाऱ्याच्या पायाशी बसवलेली असे. ती तो चिंच आणि राख लावून घासायचा. माझ्या माहेरची पितळी कळशी हिरवी पडली होती, ती मी मुद्दाम एकदा राख भरून त्याच्या शेजारी ठेवली. त्यानं कळशीतली राख संपवली आणि कळशी तशीच ठेवली.

पेट्रोलचे चौकोनी डबे विमानापासून लांब, वाळूत खड्डा करून, ओल्या गोणपाटाखाली असत. ओतताना नरसाळ्यात मऊ चामड्याचा तुकडा, म्हणजे पाणी आणि कचरा वर राहतो. आणि ओतायच्या आधी डबा, नरसाळं आणि विमान ह्यांना एका साखळीनं जोडून साखळीचं टोक ओल्या वाळूत पुरायचं, कारण पेट्रोल नुसतं वाहण्यानंही ठिणगी पडू शकते. सासूबाईंनी ती साखळी पाहिली आणि म्हणाल्या, "गाय हाय का ती, पलून जायाला?" ओतून झालं की तो सगळ्यांना मागे ढकलायचा आणि वास जाईपर्यंत कोणाला पंख्याला हात लावू द्यायचा नाही. नाक वर करून उभा असायचा. वास गेला की मान हलवायची, मग शेठ आत बसायचा.

हे सगळं घरात रोज ऐकावं लागे. एका दिवशी त्यानं वाड्यातल्या गड्यांना गोळा केलं, पत्र्याच्या झाकणात चमचाभर पेट्रोल ओतून पेटवलं आणि त्यावर तांब्याभर पाणी टाकलं. जाळ पाण्यावर चढून झाकणाबाहेर पळाला. लोक मागे सरले. मग त्यानं मूठभर रेती टाकली, जाळ बसला. "पेट्रोलला पानी नको. रेती, न्हायतर वलं गोनपाट. आन उबं ऱ्हायाचं वाऱ्याच्या पाठीकडनं," असं त्यानं बजावून सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. कोळी माणूस मान डोलावतो तेव्हा त्याला पटलेलं असतंच असं नाही, कधी कधी नुसती समुद्राची सवय असते.

एवढं करून त्याला त्या विमानात कधी बसायला मिळालं नव्हतं. दुसऱ्या जागेवर शेठचे पाहुणे असत. पाहुणे नसले तर सामान असे. सामानही नसलं तर झेंडा धरायला खाली कोणीतरी हवं. तो कधी बोलला नाही, पण विमान उडालं की ते सुपारीच्या वाडीमागे दिसेनासं होईपर्यंत त्याची हनुवटी खाली येत नसे. मी हे बघायची आणि मला बरं वाटायचं. सवत त्यालाही जवळ करत नाही, एवढं माझं समाधान.

मग एका पावसाळ्यात मुंबईहून शेठचा निरोप आला. विमान मुंबईला ज्या मैदानावर ठेवतात तिथे भरवशाचा माणूस हवा, राहायला खोली, कायमची नोकरी, नारळी पुनवेला येतो तेव्हा काय ते सांग. खोली एका माणसाची. माझ्या नवऱ्यानं निरोप ऐकला आणि त्या दिवसापासून तो घरात पाहुण्यासारखा वागायला लागला. जेवण चांगलं झालंय म्हणायला लागला. त्यावरून मी ओळखलं की ह्यानं जायचं ठरवलं आहे.

आमच्याकडून मुंबईला गेलेला माणूस शिमग्याला येतो, नारळी पुनवेला येतो, आणि हळूहळू नुसता शिमग्याला येतो. मला हे माहीत होतं. मी एकदा विचारलं, "मी काय करू हितं?"

"आय हाय, दादा हाय," तो म्हणाला. "तुला कसली काळजी?"

विमानाच्या काळजीसाठी माणूस मुंबईला जाणार होता, आणि मला कसली काळजी!

नारळी पुनवेला पावसानं उघडीप दिली. होड्या रंगवून पुळणीवर लावलेल्या, पताका, गुलाल, बायका नऊवारी नेसून. त्या दिवशी आम्ही दर्याला नारळ देतो आणि होडीची पूजा करतो. आमच्या वाड्याची रीत अशी की होडीला हळदकुंकू लावायचं, आरती ओवाळायची आणि मग पेटता दिवा नाळेखाली, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाखाली, वाळूत ठेवायचा. तो आपसूक विझेपर्यंत तिथेच राहू द्यायचा. त्याशिवाय होडी पाण्यात जात नाही.

शेठ सण बघायला म्हणून आला होता. भरतीआधी परत जायचं होतं, म्हणून माझ्या नवऱ्यानं उतरल्या उतरल्या पेट्रोल भरायला घेतलं. सासूबाईंनी आदल्या दिवसापासूनच हट्ट धरला होता.

"होरीला आरती केल्याबिगर दर्यात घालीत न्हाय, आन ह्याला आभालात तसंच धाडताव?"

"हळदकुकू लाव, नारल फोड, फुलं घाल. पर दिवा पेटवायचा न्हाय," नवरा म्हणाला.

"न पेटलेली आरती? ती कोन दावतं देवाला?"

"आय, पाया पडतो तुज्या. वात घाल, त्याल घाल, पेटवू नको."

सासूबाई बरं म्हणाल्या. त्यांचं बरं मला ठाऊक होतं, पण त्यालाही ठाऊक असायला हवं होतं, आई त्याची होती.

पेट्रोल ओतताना गर्दी रेटत होती. कोणाचा तरी धक्का लागला आणि बरंचसं विमानाच्या नाकावरून खाली वाळूत सांडलं. त्यानं सगळ्यांना मागे हटवलं, डबा पंखाच्या सावलीत टेकवला आणि सांडलेल्यावर टाकायला कोरडी रेती आणायला सुरूकडे पळाला. तेवढाच वेळ तो तिथे नव्हता. सासूबाईंनी पदराआड ताट धरून लांबच्या एका होडीच्या दिव्यावर आपला दिवा लावून घेतला होता. त्या पुढे झाल्या, ओवाळलं, आणि रीतीप्रमाणे दिवा खाली ठेवायला वाकल्या. विमानाची नाळ म्हणजे त्याचं नाकच. त्याखालीच.

मोठा आवाज झाला नाही. गरम तव्यावर पाणी पडावं तसा झाला. सासूबाईंना कोणीतरी खांद्याला धरून मागे ओढलं, ताट उडालं, आणि विमानाच्या तोंडाखाली जाळ उभा राहिला.

मग सगळं गाव धावलं आणि सगळ्या गावानं पाणी आणलं. समुद्र पायाशी, हातात कळशा, होड्या उपसायची भांडी. झाकणावरचा धडा कोणाच्या म्हणून लक्षात नव्हता. पाणी पडलं तसा जाळ वाळूवर पसरत चाकापर्यंत गेला. "पानी नको! पानी नको!" असं ओरडत माझा नवरा आला. त्यानं आधी पेट्रोलचा डबा उचलला. झाकण उघडंच होतं, डब्याच्या एका अंगाला जाळ लागला होता. तो डबा छातीशी धरून वाऱ्याच्या वरच्या बाजूला लांब नेऊन ठेवला, वर गोणपाट टाकलं, आणि परत आला. तोवर शेठनं आत हात घालून पेट्रोलची चावी बंद केली होती. नवऱ्यानं पिचकारी ओढून काढली आणि इंजिनात औषध मारायला लागला. दोघा-तिघांना शेवटी रेतीच्या बादल्या सुचल्या. पण पोटाखालचं कापड पेटायला लागलं होतं, आणि पिचकारी संपली.

मी आणि माझी जाऊ त्या वेळी दिराच्या होडीचं शीड घेऊन खाडीकडून येत होतो. ते ऐनाच्या झाडाच्या सालीच्या काढ्यात रंगवून नुकतंच धुतलेलं होतं, पाण्यानं इतकं जड की दोघींच्या खांद्याला रग लागली होती. मी पाहिलं, माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताची बाही पेटली आहे आणि त्याला त्याची शुद्ध नाही. स्वतःचा हात जळतो आहे आणि हा तिच्या पोटाखाली ओंजळीनं रेती फेकतो आहे.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. आगीची भीती नंतर वाटली. आधी वाटलं, एवढं? एवढं प्रेम?

मी जावेला म्हटलं, "धर गो टोक." आम्ही शीड ओढत नेलं आणि विमानाच्या नाकावरून पोटापर्यंत टाकलं, तो पोटाखाली होताच, त्याच्यासकट. वाफ आली, करपल्याचा घाण वास आला. वाड्यातल्या गड्यांनी शिडाच्या कडांवर रेती लोटली, मी शिडाखाली हात घालून नवऱ्याला बाहेर ओढलं, त्याचा हात ओल्या कापडात गुंडाळून दाबून धरला. जाळ बसला.

त्यानं डोळे उघडले. खोकला. माझ्याकडे बघून पहिला शब्द बोलला तो असा, "कापड किती गेलं तिचं?"

सासूबाई मागे वाळूवर बसून म्हणत होत्या, आधी उतरल्या उतरल्या आरती केली असती तर हे झालंच नसतं.

विमान वाचलं. नाकावरचा पत्रा काळा पडला, पोटाचं कापड गेलं, काही तारा वितळल्या. चाकही बदलावं लागणार होतं. मला अक्कल आली ती संध्याकाळी, चुलीपाशी. ते जळून गेलं असतं तर मुंबईही जळून गेली असती. खोली, नोकरी, सगळं. त्याची बाही विझवायची आणि तिला जळू द्यायची, एवढं साधं काम होतं. पण शीड मोठं निघालं. मी शिडाला शिव्या घातल्या.

शेठनं मुंबईहून कारागीर आणला. पंधरवडाभर तो सुरूखाली ठोकाठोकी करत होता आणि माझा नवरा गळ्यात हात अडकवून त्याच्या शेजारी बसून होता. घरी मी त्याच्या हाताला कोरफड लावायची, पट्टी बदलायची. त्यालाही तो एक दिवस घाई करायला लागला, कारागिराला काहीतरी दाखवायचं होतं म्हणून. जायचं नक्की झालं होतं. शेठ सगळ्यांसमोर म्हणाला होता, असा माणूस मुंबईत मिळणार नाही.

विमान तयार झालं, शेठनं एकट्यानं एक फेरी मारून पाहिली, खाली उतरला आणि हात पुसत आमच्याकडे आला. सगळा वाडा जमला होता. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी धुतलेला सदरा घातला होता, एका हाताला पट्टी, दुसऱ्या हातानं केस बसवत होता. त्याला वाटलं होतं, आज. मलाही तेच वाटलं होतं.

शेठ माझ्यासमोर उभा राहिला. "बाई, तुमी नसते तर माझा विमान गेला होता," म्हणाला. "बसा. एक चक्कर. पयला मान तुमचा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो हसला. ओठ हसले, बाकीचा चेहरा तसाच राहिला.

"जा," तो म्हणाला. "जा की. पदर नीट खोच, वाऱ्यानं उडंल."

मी नको म्हणू शकले असते. सगळ्या बायका मला तेच म्हणाल्या, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. पण मला ती सवत आतून बघायची होती. तिच्यात असं काय आहे ते बघायचं होतं. मी कासोटा आवळला आणि चढले. आत पेट्रोलचा वास होता, तोच जो रोज माझ्या अंथरुणात यायचा. पंखा फिरला, सगळं हाडांपर्यंत थरथरलं, वाळू खालून निसटली. मी देवाचं नाव घेतलं नाही, मी खाली बघितलं. शेठनं एक मोठा वळसा घेतला आणि परत पुळणीवरून, अगदी खालून, विमान नेलं. मग आम्ही उतरलो.

बायकांनी मला घेरलं. काय दिसलं, घर दिसलं का, भीती वाटली का? नवरा विमानाच्या शेपटीला टेकू लावत होता. त्यानं काही विचारलं नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी पट्टी बदलायला बसले तर त्यानं हात जावेपुढे केला.

आणि शेठ निघाला तेव्हा माझ्या नवऱ्यानं त्याला सांगितलं, मी मुंबईला येत नाही. हात धड नाही, आई म्हातारी आहे, असं काहीतरी म्हणाला. शेठनं दोनदा समजावलं. त्यानं मान हलवली. वाड्यात सगळे म्हणाले, बघ, तुझ्यासाठी राहिला. सासूबाई म्हणाल्या, माझ्यासाठी राहिला. आम्ही दोघी चुकत होतो असं मी म्हणणार नाही, सासूबाई चुकत होत्या आणि खरं कारण मला माहीत होतं. ज्या जागेवर तो इतकी वर्षं डोळा ठेवून होता तिथे मी आधी बसले, आणि ते त्याला गिळवलं नाही. मला हवं होतं ते मिळालं, नवरा घरात राहिला. पण ज्या कारणानं राहिला ते माझ्या घशात काट्यासारखं अडकलं. माझ्यावर जळून राहिला. माझ्याकडे बघून राहिला असता तर मी काय वेगळं केलं असतं?

पुढे शेठचं येणं कमी झालं, मग थांबलं. बंगल्याच्या खिडक्या खाऱ्या हवेनं गंजल्या. होड्यांना इंजिनं आली तेव्हा दिरानं इंजिन बसवलं आणि माझ्या नवऱ्याला परत बोलावलं. किनाऱ्यावरच्या सगळ्या इंजिनाच्या होड्यांत आमचीच अशी की जिच्यात इंजिनाशेजारी रेतीचा डबा आणि ओलं गोणपाट असायचं आणि तेल सांडलं की पुसल्याशिवाय चूल पेटायची नाही. गडी कुरकुरायचे. तो तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, झाला होता, ऐकावं लागायचं.

एका दुपारी मी सुकटीच्या वाळवणाआड बसून बोंबील उलटत होते. पलीकडे जाळं शिवत तो गड्यांशी बोलत होता. कोणीतरी विचारलं, "तांडेल, तुमी म्हनं इमानात बसला व्हता?"

माझा हात थांबला.

"बसलो व्हतो," तो म्हणाला. "येकदाच. वरनं सगलं बारीक दिसतं. होऱ्या मुंग्यांवानी. मान्सं तर दिसतच न्हाईत."

गडी ऐकत होते. मी उठले नाही. माझ्या आयुष्यात मला एकटीला मिळालेली ती एकच गोष्ट, आणि तीही ह्यानं आपल्या पानात वाढून घेतली. बरं, घेतली ती घेतली, खोटी सांगत होता. मला इतका राग आला की बोंबलाची दोन टोकं एका हातात आणि मधला तुकडा दुसऱ्यात, असं झालं.

दिवेलागणीला तो जेवायला बसला. मी भात वाढला, कालवण वाढलं, समोर बसले.

"मुंग्यांवानी न्हाय दिसत," मी म्हटलं.

त्याचा घास थांबला. तो त्यानं पानात परत ठेवला. मला वाटलं, उठून जाईल.

"मंग कशा दिसतात?" त्यानं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"दारात काढून ठेवलेल्या चपलांवानी. तोंडं सगली येकीकडं. आन पान्याच्या खालची वालू दिसते, खुटे दिसतात जाल्यांचे. तुमी म्हनलात मान्सं दिसत न्हाईत. दिसतात."

"कोन दिसलं तुला?"

"तुमी दिसलात. तोंड वर करून तिच्याकडं बगत व्हतात. मी हात हलवला, दोनदा. तुमी हलवला न्हाय."

त्यानं भातात कालवण कालवलं.

"हाताला पट्टी व्हती माज्या," तो म्हणाला.

"येकाच हाताला व्हती," मी म्हटलं.